ठिपक्यांचं पिल्लू

अठ्ठावीस वर्षं मी दहावीला आनुवंशिकता शिकवली आणि दोन पिल्लांतला नर मला ओळखता आला नाही. याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो दुसऱ्या कुणावर काढायची सोयही नाही.

माझे वडील चांदवडला कांद्याच्या बाजारात कारकून होते. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आले की शीळ घालायचे. दोन आखूड, एक लांब. ती ऐकू आली की आई चहाचं आधण ठेवायची. आई गेली, पाठोपाठ वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी त्यांना गंगापूर रोडला माझ्याकडे आणलं. बोलणं हळूहळू परत आलं, शीळ आली नाही. गॅलरीत बसून ओठांचा चंबू करायचे, वाकड्या बाजूने नुसती हवा जायची. ते बघवत नव्हतं.

कॉकटेल नावाचा तुरेवाला, पोपटाच्या जातीचा पक्षी शीळ शिकतो असं वाचलं आणि माझ्या मनाने उचल खाल्ली. शिकतो तो नर, मादी सहसा शिकत नाही. पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम करणारा एकजण घरी पक्षी पाळतो, त्याच्याकडे गेले. तीन आठवड्यांची दोन पिल्लं होती. एक साधं राखाडी, दुसऱ्याच्या पाठीवर पिवळसर ठिपके.

"नर कोणता?" मी विचारलं.

"आत्ता नाय सांगता येत, ताई. लहानपणी सगळे मादीवानीच दिसतात. सहा-आठ महिन्यांनी पिसं झडली की नराचं तोंड पिवळं होतं, शेपटीखालचे पट्टे जातात, मग कळतं."

"आणि शिकवायचं कधी?"

"ते आत्तापासूनच. दोन्ही न्या. फक्त कायमचे दोन ठेवू नका, एकमेकांशीच गप्पा मारत बसतील, तुमचं काय ऐकायचे नाय."

म्हणजे कळायच्या आधी शिकवायचं आणि कळायच्या आधीच एक देऊन टाकायचं. वा! निघताना मी पिल्लांच्या आईबापांचा फोटो काढला आणि दोन्ही पिल्लं घेऊन आले.

पुढचे दोन महिने मी चमच्याने खिमट भरवत होते आणि प्रत्येक घासाला वडिलांची शीळ घालत होते. वडील शेजारी बसून चुका काढायचे. "शेवटची लांब ओढ. अजून. असं नाय." इतक्या दिवसांनी ते कुणावर तरी खेकसत होते, मला बरं वाटत होतं. शेजारच्या काकूंनी दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लांवर धरली, तर ती दोघांवरही सारखीच गरगरली. मुलगा फोनवर म्हणाला, पिसं कुरिअरने पाठव, प्रयोगशाळेत तपासून नर की मादी ते सांगतात. मी म्हटलं, मला शिकवू नकोस.

जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर चौकटी आखल्या. पिल्लांची आई साधी, बिनठिपक्यांची असेल तर ठिपके फक्त मुलींना येतात, हा नियम मी शोधून काढला होता. ठिपकेवाली मादी, राखाडी तो नर. उत्तराखाली दोन रेघाही ओढल्या. ठिपकेवालं पिल्लू नणंदेला देऊन टाकलं. वडिलांनी एकदा विचारलं, "नक्की ना गं?" मी म्हटलं, "बाबा, माझा विषय आहे हा."

राखाडी पिल्लू मोठं झालं. खायचं, झोपायचं, राळ्याचा कचरा करायचं. मी शीळ घालून घालून ओठ सुकवले, ते मान वाकडी करून बघत राहायचं. चेहरा पिवळा होईना, शेपटीखालचे पट्टे जाईनात. वडिलांनी चुका काढणं सोडलं, मग ऐकणंही सोडलं. दिवाळीच्या आठवड्यात पिंजऱ्याच्या तळाशी पांढरंशुभ्र अंडं पडलं होतं.

मी मोबाइलमधला तो फोटो काढून पाहिला. बाप साधा राखाडी. आणि त्याला खेटून बसलेली आई, मानेपासून पाठीपर्यंत ठिपकेच ठिपके. माणसांत मुलगा-मुलगी बापाकडून ठरते, पक्ष्यांत आईकडून, हे मला पाठ होतं. तरीही वर्गातल्या सवयीने मी बापाकडे पाहिलं आणि आईला साधी धरून मोकळी झाले. आई ठिपकेवाली असली की तो नियम कुचकामाचा. एखाद्या मुलीने असं गणित सोडवलं असतं तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

दोनच दिवसांनी नणंदेचा व्हिडिओ आला. "वहिनी, हिचे ठिपके गेले, तोंड पिवळं झालं. आणि गाते बघा कशी!" वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून मी मोबाइलचा आवाज बंद करायला धावले, तोवर व्हिडिओ सुरू झाला होता. दोन आखूड, एक लांब. शेवटची अगदी वडिलांना हवी तेवढी ओढलेली.

मी तिथल्या तिथे नणंदेला फोन लावला आणि पक्षी परत मागितला. ती म्हणाली, "वहिनी, आता कसं देऊ? आमची पोरगी त्या पक्ष्याशिवाय जेवत नाही." देताना मीच म्हटलं होतं, आता ही तुमची.

फोन ठेवून वळले तर वडील गॅलरीतून उठून, भिंतीला धरत धरत, दारापर्यंत आले होते. एवढं अंतर ते एकटे कधी चालत नाहीत. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते स्वयंपाकघराकडे बघत होते.

"चहा ठेवला का गं?" त्यांनी विचारलं.