दोरीचं दुसरं टोक

धानाच्या त्या रोवणीत रुख्माचं मनगट रिकामं होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. दरसाल तिथे अंबाडीची दोरी असायची आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला लेक, प्रेमिला. पोर जन्मापासून बहिरी. धानाच्या बांधीला लागून तलाव. तिकडे गेली तर हाका मारून काय उपयोग? म्हणून दोरी. हिसका दिला की पोर वळायची. जेवायला बोलावणं, रागावणं, सगळं त्या हिसक्यातच.

आता दोरी खुंटीला होती आणि प्रेमिला अर्जुनीपलीकडे, जमीनदार मालगुजाराच्या वाड्यात, कोठीत. मालगुजार नागपूरला राहायला गेला आणि कोठी मुक्याबहिऱ्यांच्या शाळेला दिली. तिथल्या सुशिलाबाई स्वतः येऊन पोरीला घेऊन गेल्या. रुख्मा हो म्हणून बसली आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. कोठीमागेही तलावच होता.

"काऊन अशी करून राहिलीस?" नवरा बकाराम म्हणाला. "शिकून राहिली ना पोरगी."

"बुडल्यावर काय शिकन?" रुख्मा फणकारली. चिखलाचे हात लुगड्याला पुसले, दोरी घेतली आणि तडक निघाली.

कोठीचं फाटक सताड उघडं होतं. पण रुख्मा तिथून कशी जाणार? पूर्वी ती इथे बेगारीत धान कांडायला यायची, ती तलावाकडच्या मागच्या दारानं. पाय आपोआप तिकडेच वळले. दार ढकललं, तर तिच्या धान कांडायच्या ढेकीच्या जागी पोरं ओळीनं बसलेली. सुशिलाबाई बोलत होत्या आणि एक पोर त्यांच्या गळ्याला हात लावून आवाज चाचपत होती.

ती प्रेमिलाच. आईला पाहून धावत आली. रुख्माने घाईघाईने तिच्या मनगटाला दोरी बांधली. पोरीने बांधू दिली. मग मोकळा हात आईच्या गळ्यावर ठेवून ती तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

बहिरीशी काय बोलायचं, म्हणून आजवर रुख्मा लेकीशी एक शब्द बोलली नव्हती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुले न्याले आलती मी," ती कशीबशी म्हणाली.

प्रेमिला हसली. हात काढेना. मग रुख्मा बोलतच राहिली, बापाचं, म्हशीचं, रोवणीचं, आणि बोलता बोलता तिने दोरीची गाठ सोडली.

निघताना सुशिलाबाईंना एवढंच म्हणाली, "मागचं दार लावत जा जी. तलाव हाये तिकडे."

आणि स्वतः समोरच्या फाटकानं बाहेर पडली.