चढ पाहून कॅम निवडणारे ताराचंद मिस्त्री

ताराचंद मिस्त्रींकडे गाडी नेली, की ते आधी गाडीकडे बघतच नसत. मालकाच्या चपलांकडे बघत. चपलेला जंगलातला लाल मुरूम लागलाय, धानाच्या बांधीतला चिखल लागलाय की नुसती सडकेची धूळ आहे, हे नीट पाहून घेत आणि मग विचारत, "गाडी कुठी जाते, थे पयले सांगा. बिमारी मंग सांगा." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या पायात चकचकीत बूट होते. त्यांनी बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, तुमी तं काईच सांगून नाही राहिले."

मी गुरांचा डॉक्टर. दोन हजार चार-पाचच्या सुमारास माझी बदली दरेकशाच्या बाजूला झाली. डोंगर, जंगल आणि मधे मधे दहा-वीस घरांचे टोले. पावसाळ्यात मोटारसायकल अर्ध्या वाटेत रुतून बसायची. अशात नागपूरकडचं एक करमणूक उद्यान बंद पडलं आणि तिथली एक जुनी एटीव्ही मला मिळाली. जाड चाकांची, उघडी, लहान मुलांना गोल गोल फिरवून दमलेली. टोल्यावरचे लोक तिला 'चारचाकी फटफटी' म्हणत. मला मात्र ती मिळाल्यावर आपण आता डोंगरही वाकवू, असं वाटू लागलं होतं.

ताराचंद मिस्त्रींचं दुकान आमगावला, रेल्वे फाटकाजवळ. ते पोवार शेतकऱ्याच्या घरातले. दोघे भाऊ धान पिकवायचे आणि हे बांधीला पाणी देणाऱ्या इंजिनाच्या नादी लागून बिघडले, असं त्यांची आई सगळ्यांसमोर सांगे. मिस्त्री त्यावर हसून म्हणत, "खरी गोष्ट आहे. थे इंजिन सुधरलं, मी बिगडलो." उंच, काटकुळे, कानावर पेन्सिल. आवाज खालचा, पण बोलणं असं सरळ की पुण्यामुंबईच्या माणसाला अपमानच वाटावा.

एटीव्हीचं इंजिन आतून झिजलं होतं. कॅमशाफ्ट बदलावा लागणार होता. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्यासारखे उंचवटे असलेला दांडा. तो फिरतो तसे हे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात, इंजिनाला हवा-पेट्रोल मिळतं आणि जळका धूर बाहेर जातो. उंचवटा केवढा आणि कसा, यावर इंजिनाचा स्वभाव ठरतो. माझ्या पुण्याच्या मावसभावाने शर्यतीच्या गाड्यांच्या सामानाचा कॅटलॉग पाठवला होता. त्यात आमच्या इंजिनाला बसणारे तीन कॅम होते. एक नंबर साधा, दोन नंबर जरा तेज आणि तीन नंबर सगळ्यांत उंच, सगळ्यांत जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा, सगळ्यांत जास्त ताकदीचा. मी अर्थात तीन नंबरवर बोट ठेवलं.

मिस्त्रींनी कॅटलॉग चष्म्याजवळ धरून शांतपणे वाचला. मग म्हणाले, "एक नंबर मागवा."

"पण ताकद तीन नंबरची जास्त आहे ना!"

"ताकद किती आहे हे कायले पाहता? कवा येते थे पाहा. हा तीन नंबर गाडी जोरात पळाली का मंग जागा होते. चढावर तुमी चालून राहिले बैलावाणी हळू. तवा यानं तोंड वासून ठेवलं, तं खाल्लेला घास बाहेर पडते. इंजिन उपाशी मरन."

मला पटलं नाही. शिकलेला माणूस तो, छापील आकड्यापुढे मिस्त्रीचं कशाला ऐकेल? मी गुपचूप तीन नंबर मागवला आणि गोंदियाच्या एका हौशी दुकानदाराकडून बसवून घेतला. मोकळ्या मैदानावर गाडी अशी सुसाट सुटली की मी एकटाच ओरडत सुटलो. गाडी पिकअपवर टाकून दरेकशाला परत नेताना आमगावचं फाटक आलं, तेव्हा मात्र मी पिकअपची काच वर केली आणि मान खाली घातली.

श्रावणात एका सकाळी वरच्या टोल्यावरून निरोप आला. फुलनबाईची गाय अडली होती. फुलनबाई एकटी बाई, दोन गाईंवर तिचं घर चाले. मी पेटी बांधली आणि निघालो. सपाटीवर गाडी ऐटीत चालली. चढ लागला आणि तिचा जीवच गेला. हळू चालवावी तर भकभक करून बंद पडायची. गॅस वाढवावा तर एकदम उसळायची, चाकं जागच्या जागी फिरून मला चिखलाने माखायची. सात-आठ वेळा हेच झालं. शेवटी गाडी तिथेच टाकून पेटी डोक्यावर घेतली आणि चालत सुटलो. पोहोचलो तेव्हा गाय गेली होती. वासरूही पोटात गेलं होतं.

फुलनबाईने मला आधी पाणी दिलं. मी पाणी पिऊन म्हणालो, "रस्ता फार खराब होता, बाई." ती रिकामा तांब्या उचलून आत गेली. त्यानंतर त्या टोल्यावरून मला एकही निरोप आला नाही. लोक गुरांना पुन्हा झाडपाल्याच्या औषधावर ठेवू लागले. जनावरं दगावल्याचं मला बाजारात कळे. मी तिथे डॉक्टर होतो, पण कोणाचाच नव्हतो.

शेवटी आमगावला जाऊन मिस्त्रींना सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता चांगली खरडपट्टी निघेल. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, "बाईले काय सांगितलं?"

"रस्ता खराब होता म्हणालो."

"रस्त्यावर कायले ढकलून राहिले, साब? रस्ता तं पयलेपासून तसाच आहे."

मी म्हणालो, "तुमचं ऐकायला हवं होतं."

"माहं नका आयकू. चढाचं आयका. चला, मले दाखवा."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, अवजारांची पिशवी घेऊन ते पॅसेंजरने दरेकशाला उतरले. माझी औषधाची पेटी त्यांनी हाताने उचलून पाहिली, मग गाडीवर बांधायला लावली. मला चढावर गाडी घालायला सांगितली आणि स्वतः बाजूने चालत राहिले, कान इंजिनाकडे लावून. जिथे दम सुटे तिथे काठीने मातीत रेघ ओढत. अशा पाच रेघा झाल्या. गाडी ढकलत, ओढत आम्ही वर पोहोचलो, तर समोरच फुलनबाईचं अंगण. हा चढ कुठे संपतो, हे मिस्त्रींनी कोणाला तरी आधीच विचारून ठेवलं असणार.

"सांगा," ते मला हळूच म्हणाले.

तेवढं कठीण वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो. "बाई, रस्त्याचा दोष नव्हता. ह्या मिस्त्रींनी नको म्हटलेला पार्ट मी हौसेने बसवला. म्हणून गाडी चढली नाही आणि मला उशीर झाला."

फुलनबाईने शेणाने माखलेले हात लुगड्याला पुसले. मग तिने माझ्याकडे नाही, मिस्त्रींकडे पाहून विचारलं, "मंग आता बराबर बसवला का?"

"नाही अजून," मिस्त्री म्हणाले. "बसवतो. मंगच बलाव याले."

आठवडाभरात एक नंबरचा कॅम आला. मिस्त्रींनी तो नुसता बसवला नाही. कॅम फिरवणाऱ्या दातेरी चक्रीची भोकं कानशीने किंचित लांबट केली आणि व्हॉल्व्ह केसभर आधी उघडतील असं केलं, म्हणजे हळू चालतानाही दम राहावा. पण असं केलं की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळायची भीती असते. त्यासाठी त्यांच्या बायकोने घरून घट्ट कणकेचा गोळा पाठवला होता. तो पिस्टनच्या डोक्यावर चिकटवून त्यांनी वरचा भाग बसवला, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, पुन्हा उघडलं आणि दबलेली कणीक ब्लेडने कापून तिची जाडी मोजली. "पोळीयेवढी उरली तं चालते," ते म्हणाले. "पापडायेवढी उरली तं व्हॉल्व्ह आदळते, गाडी ढकलत घरी न्या." पोळीएवढी उरली होती.

गाडी आता मैदानावर कोणाला ओरडायला लावणारी राहिली नाही. पण पाचही रेघांवरून ती पहिल्या गिअरमध्ये, कुरकुर न करता वर गेली. निरोप तरीही येईना. मी मिस्त्रींना तसं सांगितलं, तर म्हणाले, "गाडी तयार आहे ना? मंग बिनबलावता जा. लोकाइले चढताना दिसू द्या." मी दर मंगळवारी जात राहिलो. माघात एका सकाळी टोल्यावरचा माणूस दारात उभा राहिला. फुलनबाईची दुसरी गाय अडली होती आणि तिने मलाच बोलवायला पाठवलं होतं. वासरू आडवं आलं होतं. फिरवून काढलं. दोघंही जगली. मी तिथेच अंगणात बसून रडलो, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

त्यानंतर मी त्या भागात नऊ वर्षं काढली. बदलीची संधी दोनदा आली आणि दोनदा नाकारली. मला डॉक्टर कॉलेजने केलं, पण चुकलो तर चुकलो म्हणायला आमगावच्या एका मिस्त्रीने शिकवलं. हे त्यांना तोंडावर सांगायचं मात्र राहून गेलं.

ताराचंद मिस्त्री गेले ते छातीच्या दुखण्याने, दोन दिवसांत. मी पोहोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. ट्रॅक्टरवाले, राइस मिलवाले, त्यांचे भाऊ. बायकांच्या घोळक्यात एका कडेला फुलनबाई बसली होती. एकटी बाई, पहाटेच जंगलातून खाली उतरून, गाडी पकडून आलेली. मिस्त्रींना ती आयुष्यात एकदाच भेटली होती.

मी जवळ जाऊन म्हणालो, "बाई, तुम्ही कशा आलात इतक्या लांब?"

तिने डोळे पुसले नाहीत. म्हणाली, "माही गाय मेली तवा दुकान बंद करून मले सांगाले आला होता थो. त्याची तं चूकबी नवती. मंग मी नाही येऊ का?"