लिंबोणीला चार बादल्या

रविवारी सकाळी सोसायटीच्या बागेत आम्ही चौघे शेजारी जमलो. पिवळी पडलेली लिंबोणी काढायला माळ्याशी सहाशे रुपये ठरले होते. आमच्यातल्याच, ती लावणाऱ्या काकू तोंड फिरवून उभ्या होत्या.

माळ्याने नखाने साल खरवडली. आत हिरवीगार!

"साहेब, ही मरत नाही, बुडतेय. पाणी कोण घालतं?"

चारही हात वर गेले.

"अहो, तुम्हीसुद्धा?" काकू माझ्यावर ओरडल्या आणि हसतच सुटल्या.

सामाईक वस्तूला कोणी वाली नसतो, हे मी प्रत्येक सभेत ठासून सांगत आलो. इथे तर प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं कोणी पाणी घालत नाही. म्हणून रोज चार बादल्या! किती आनंद झाला म्हणून सांगू!

माळ्याला झाड नुसतं बघण्याचे शंभर रुपये दिले. काकूंनीच दिले.