सायलीची ऑस्ट्रेलियन ताई निवृत्त झाली

मित्रांनो, आज फर्स्ट शिफ्ट करून चाकणहून काळेवाडीला घरी आलो, तर आमची लेक सायली रडत बसलेली. तिची लाडकी ऑस्ट्रेलियन बास्केटबॉलपटू निवृत्त झाली होती. गुडघ्याची दोन ऑपरेशनं होऊनही ती बाई पुढं कितीतरी वर्षं खेळली.

सायलीही बास्केटबॉल खेळायची, तिच्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून वर्षभर तिनं बॉलला हात लावला नाही. आम्ही दोघं मोबाइलवर फक्त त्या बाईच्या मॅच बघायचो. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण लेकीशेजारी बसायला मिळायचं.

मी विचारलं, "आता कोणाची मॅच बघायची गं?"

डोळे पुसत म्हणाली, "माझी. उद्यापासून प्रॅक्टिसला जाते. पण पप्पा, पहिल्या दिवशी तुम्ही सोबत या. भीती वाटते."

उद्याची रजा टाकलीय राव. तुमच्या लेकरांना असं दूरच्या कुणी बळ दिलंय का?