नाकासमोर

आमच्या समोरच्या दारातले भाऊजी नाकासमोर चालणारे आहेत, असं इमारतीत सगळेच म्हणतात. वहिनींच्या वडिलांनी याच गुणावर भुलून मुलगी दिली. "मुलगा उगाच इकडेतिकडे बघत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. वहिनी आता म्हणतात, "बाबांची पारख बरोबर होती हो, फक्त कारण चुकलं."

भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. मोठ्या रस्त्यावरच्या जुन्या दुकानात, काचेच्या अगदी मागे, त्यांचं टेबल आहे. डोळ्याला भिंग लावलं, हातात चिमटा घेतला की मोहरीएवढा स्क्रू ते पहिल्या झटक्यात बसवतात. येणारेजाणारे काचेला नाक लावून बघत उभे राहतात. आणि हाच माणूस घरी आला की स्वतःच्याच दारात ठेवलेल्या बादलीला धडकतो.

त्यांची नजर चहूबाजूंनी आत आत येते आहे. मधलं स्वच्छ दिसतं, कडेचं गेलं. संध्याकाळ झाली की मधलंही पुसट होतं. मला हे कळेना, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी करून माझ्या एका डोळ्याला लावली, दुसऱ्यावर माझाच हात ठेवायला लावला आणि म्हणाले, "जा, पाणी घेऊन या." समोरचा नळ मला लख्ख दिसला. वाटेतलं स्टूल दिसलं नाही.

"लागलं का?"

"चांगलंच लागलं."

"झालं तर मग. एवढंच आहे," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरांनी पांढरी काठी घ्यायला सांगितली. भाऊजींनी विचारलं, "आणि दुकान?" डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही. काचेमागे बसणाऱ्या माणसाच्या टेबलाला पांढरी काठी टेकलेली दिसली, तर वडिलांच्या आठवणीचं घड्याळ त्याच्या हातात कोण देईल? भाऊजींना दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नाही. म्हणून ही गोष्ट वहिनी, डॉक्टर आणि मी, एवढ्यांतच राहिली.

एका संध्याकाळी घरी येताना पदपथावर एक बाई लेकराच्या बुटाची नाडी बांधायला वाकली होती. भाऊजी सरळ तिच्यावर जाऊन आदळले. पिशवीतली अंडी फुटली. "डोळे फुटलेत का?" ती म्हणाली. मागून कुणीतरी निर्णय देऊन टाकला, "अहो, प्यायलाय तो." माणसं जमली. भाऊजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मालकांनी त्यांना बाजूला घेतलं. मालक भला माणूस. "थोडी घेत असाल तर माझं काही म्हणणं नाही. हाताला कंप सुटला तर मात्र आधी मला सांगा." भाऊजींनी दोन्ही हात पुढे धरले. कंप नव्हता. मालकांचं समाधान झालं.

वहिनींचं झालं नाही. "आयुष्यात थेंबाला शिवला नाहीत, आणि दारुडे म्हणवून घेता?"

"दारुड्याला लोक घड्याळ देतात," भाऊजी म्हणाले. "फक्त सकाळी देतात."

मग वहिनींनीच घडीची काठी आणली. सुटीच्या दिवशी, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या भागात, भाऊजी ती घेऊन निघाले. रस्ते ओलांडताना गाड्या थांबल्या. लोकांनी वाट दिली. बसमध्ये एका गृहस्थांनी उठून जागा दिली, "बसा बाबा," म्हणाले. भाऊजींना खरंच बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी सवयीने खिशातून वर्तमानपत्र काढलं आणि वाचायला लागले.

"वा," ते गृहस्थ म्हणाले. "सोंग छान जमलंय."

सगळी बस बघायला लागली. भाऊजी पुढच्या थांब्यावर उतरले आणि काठीची घडी करून पिशवीत टाकली. घरी येऊन आम्हा दोघींना म्हणाले, "काठी हातात असली की मला काहीच दिसायला नको. नसली की सगळं दिसलं पाहिजे. मधला माणूस कुणाला चालत नाही."

तेव्हापासून ती काठी दाराआडच्या खिळ्याला लटकते आहे. तिच्या जागी भाऊजींनी लांब दांड्याची काळी छत्री काढली. ऊन नाही, पाऊस नाही, आणि हे छत्रीचं टोक आपटत चालले आहेत. जिन्यात टिंगल सुरू झाली. "काय, आज आकाश कोसळणार वाटतं?" भाऊजी म्हणत, "सावध असलेलं बरं." विक्षिप्त म्हणवून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. विक्षिप्त माणसाकडेही लोक घड्याळ देतात. पायऱ्या, खड्डे, कडेचे दगड छत्रीने बरोबर सापडत. काही महिने असेच गेले, आणि वहिनी संध्याकाळी औषधांच्या दुकानात निवांतपणे काम करायला लागल्या. काउंटरवर उभं राहायला त्यांना मनापासून आवडायचं. कुठल्या म्हाताऱ्याला कुठली गोळी, सगळं तोंडपाठ.

मग एकदा दिवेलागणीला चौकात एक मालवाहू गाडी वळली. छत्री चाकाखाली गेली, भाऊजी बाजूला पडले. खरचटण्यावर निभावलं. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "एवढी मोठी गाडी दिसत नाही?"

"लक्ष नव्हतं," भाऊजी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. वहिनी कोपराला मलम लावत होत्या.

"अहो, हातात पांढरी काठी असती तर तो थांबला असता. ती रस्ता चाचपायला कमी, दुसऱ्यांना दिसायला जास्त असते."

"तेच तर नकोय मला. दिसायला."

मी म्हटलं, "मालकांना सांगून टाका ना, भाऊजी. माणूस चांगला आहे. काढून नाही टाकणार."

"नाही टाकणार," भाऊजी म्हणाले. "आतल्या खोलीत बसवतील. नाजूक घड्याळं दुसऱ्याकडे जातील, मला पट्टे बदलायला देतील. वरून रोज विचारतील, जेवलात का. पुढे काही मागायची सोयच राहणार नाही."

वहिनींनी मलमाचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून मी न्यायला येते."

औषधांच्या दुकानातल्या मालकीणबाईंना त्यांनी सांगितलं, की घरी संध्याकाळी फार काम पडतं. खोटं तरी कसं म्हणायचं?

आता रोज दिवे लागायच्या आधी वहिनी घड्याळांच्या दुकानाबाहेर उभ्या असतात. भाऊजी त्यांच्या हातात हात घालून निघतात. पायरी आली की वहिनी त्यांचा दंड किंचित दाबतात, खड्डा आला की दोनदा. बघणाऱ्याला वाटावं, काय गुलुगुलु चाललंय. मालक काचेतून कौतुकाने हात हलवतात. तळमजल्यावरच्या आजींनी परवा वहिनींना जिन्यात अडवलं. "नशीब काढलंस बाई. नवरा नाकासमोर चालणारा, आणि या वयातही हात सोडत नाही."

"हो ना आजी," वहिनी म्हणाल्या. "नाकासमोरचं ते बघतात. बाकीच्या बाजू माझ्याकडे."

आजी खळखळून हसल्या. भाऊजी हसले नाहीत. ते पुढच्या पायरीसाठी दंडावरच्या दाबाची वाट बघत उभे होते.

काल भाजी घेऊन येताना मी त्या दोघांबरोबरच आले. वाटेत औषधांचं दुकान लागतं. काउंटरवर आता एक नवी मुलगी असते. ती गोळ्यांचे खोके उलटेपालटे करत होती, समोर एक म्हातारा कानाला हात लावून काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होता. मी तिकडे बघत राहिले.

वहिनींनी मान वळवली नाही. त्या नाकासमोर चालत राहिल्या.