आंबागडची मंडई आणि मी काढलेला सापळा

पोस्टकार्ड आमच्या संस्थेच्या पत्त्यावर आलं होतं, पण त्यातला मजकूर माझ्यासाठी होता. "तुमचा कागद आमच्या गावात एका मानसाच्या दारावर लागला आहे. हे चित्र ज्यानं काढलं त्यानंच येऊन काढावं." खाली सही: डोमाजी, मु. आंबागड, तहसील तुमसर.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मूळची नाशिकची. उपयोजित कलेची पदविका घेऊन नागपूरला आले होते आणि एका छोट्या संस्थेसाठी पोस्टर करत होते. एड्स हा शब्द वर्तमानपत्रांत येऊ लागून दोन-तीन वर्षं झाली होती. माझ्या पोस्टरवर लालभडक हाडांचा माणसाएवढा सापळा होता आणि वर ठळक अक्षरांत 'एड्स: मृत्यूचा सापळा'. खाली जागा उरली तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एकत्र जेवल्याने, हात धरल्याने हा रोग होत नाही. पोस्टरचं कौतुक झालं होतं. हायवेवरच्या गावांत ती वाटली गेली होती.

दिवाळीची सुट्टी होती. नाशिकला जायचं रद्द केलं आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसले.

आंबागडला जाणाऱ्यांनी माझा रस्ता धरू नये. नागपूर-भंडारा आणि तिथून मोहाडीवरून तुमसर, हा सरळ रस्ता. मी आधी लाखनीला गेले, कारण संस्थेचं त्या भागातलं काम बघणारे वासुदेवभाऊ तिथे राहत होते आणि आंबागडात एकटीनं जायची माझी तयारी नव्हती. भंडारा सोडलं की कारध्याच्या पुलावर वैनगंगा भेटते. पाणी ओसरलं होतं, वाळूचे पट्टे उघडे पडले होते. पलीकडे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, काही कापलेली, काही उभी. भाताचा तो करपट-गोड वास बसच्या खिडकीतून थेट लाखनीपर्यंत येतो. हा वास घ्यायचा असेल तर दिवाळीनंतरच जा.

लाखनीला रस्त्याच्या कडेनं ट्रकांची रांग होती. वासुदेवभाऊ चहाच्या टपरीवर वाट बघत उभे होते. पन्नाशीचे, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. टपरीच्या भिंतीवर माझं पोस्टर होतं. खालचा भाग बाकड्यामागे गेला होता, त्यामुळे सापळा गुडघ्यापर्यंतच दिसत होता आणि बारीक अक्षरं अजिबात दिसत नव्हती.

बाकड्यावर चहा पीत बसलेल्या एका ड्रायव्हरला मी विचारलं, हे वाचलंत का?

"पढ़ा ना, बहनजी," तो म्हणाला. "मरना है, इतना समझ में आया. बचना कैसे है, वो कहाँ लिखा है?"

मी बाकड्यामागे बोट दाखवलं. तो वाकून बघायला लागला, तेवढ्यात त्याच्या गाडीचा भोंगा वाजला आणि तो गेला.

वासुदेवभाऊंनी आलूबोंडे मागवले. आलूबोंडा तिथे रस्साभाजीत बुडवूनच खातात. नाकातून पाणी येतं, पण चव विसरत नाही. खाताना त्यांनी सांगितलं, "गुलाब नाव हाये त्याचं. ट्रक चालवे. दोन महिन्यांआधी नागपूरच्या दवाखान्यातून एड्सचा कागद घेऊन आला अन् घरी बसला. बायको माहेरी गेली. पोस्टर आपल्याच गठ्ठ्यातलं. तुमसरच्या बस स्टॅन्डवर म्याच लावलं होतं, तिथून कोनीतरी काढून नेलं."

दुपारी आम्ही भंडाऱ्याला परत येऊन तुमसरची बस धरली. तुमसर म्हणजे तांदळाच्या गिरण्या. रस्त्यावर कोंडा उडत असतो. तिथून आंबागडच्या गाडीला दोन तास होते म्हणून एका मालवाहू टेम्पोत बसलो. गाव जवळ आलं की टेकडी दिसते, टेकडीवर किल्ल्याचे बुरूज, पायथ्याशी जंगल.

डोमाजी चावडीपाशी उभे होते. चाळिशीचे, गोरे, केस मानेपर्यंत वाढवलेले, चालण्यात एक लय. ते खडी गंमतीत बाईचं काम करत. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते: खडी गंमतीला रंगमंच नाही, पडदा नाही. लोक गोल करून बसतात, मध्ये डफ आणि टुणटुणं घेऊन शाहीर उभ्यानं गातात आणि बायकांची कामं पुरुषच करतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, तिथे भर दुपारी हा खेळ होतो. आंबागडची मंडई दुसऱ्या दिवशी होती.

"चित्र कोनी काढलं?" डोमाजींनी वासुदेवभाऊंना विचारलं.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मले वाटलं कोनी म्हातारा मानूस असंन," ते म्हणाले आणि चालायला लागले.

गुलाबचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पोस्टर दाराच्या डाव्या फळीवर डिंकानं पक्कं चिकटवलेलं. बारीक अक्षरांची पट्टी कोणीतरी आधीच फाडून टाकली होती. मी विचारलं, तुम्हीच का नाही काढलंत?

"म्या काढलं असतं तं दुसरं लागलं असतं," डोमाजी म्हणाले. "म्हटलं, ज्याचं हाये त्यानं काढलेलं लोकायले दिसलं पायजे."

लोकांना दिसत होतंच. समोरच्या ओट्यावर पाच-सहा बाया येऊन बसल्या होत्या. मी बादलीतलं पाणी मारलं आणि खुरप्यानं कागद खरवडला. अर्धा तास लागला. सापळा सलग निघाला नाही, पट्ट्यापट्ट्यांनी निघाला. बरगड्यांच्या जागी लाकडावर फिकट लाल डाग राहिला, तो काही केल्या गेला नाही.

गुलाब आत खाटेवर बसून बघत होता. तिशीचा असेल. मोठा सांगाडा, त्यावर अंग उरलं नव्हतं. आवाज मात्र ड्रायव्हरचा, मोठा.

"हात चांगला हाये बाई तुमचा," तो म्हणाला. "हाड एकबी कमी नाही काढलं."

मी माफी मागितली. त्यानं ती ऐकून घेतली. मग म्हणाला, "किल्ला पाहून जाजा. बाहेरचे लोक त्याच्यासाठीच येतात."

मुक्काम शाळेच्या शिक्षिकेकडे होता.

सकाळी वासुदेवभाऊ आणि मी किल्ल्यावर गेलो. चढ तासाभराचा, शेवटी पायऱ्या आहेत. पायात नीट बूट घाला आणि पाणी बरोबर ठेवा. वर तटबंदी आणि बुरूज धड आहेत, आत झाडी माजली आहे. वरून तलाव दिसतात, एकाखाली एक, आणि त्यांच्या खाली धानाच्या बांध्या पायरीपायरीनं उतरत गेलेल्या. वासुदेवभाऊ एका तलावाकडे बोट दाखवून म्हणाले, "गुलाबले तिथं आंघोळ कराले मनाई केली गावानं. म्हनते, पानी धानाले जाते, धान आमी खातो."

"तुम्ही सांगितलं नाही, असं पसरत नाही म्हणून?"

"चारदा सांगतलं. चारी वेळा हो म्हटलं लोकायनं."

मंडई दुपारी भरली. मंडई म्हणजे लहानशी जत्राच: मुरमुरे, जिलेबी, बांगड्या, फुगे, आसपासच्या गावांहून आलेल्या लेकी. मैदानाच्या मधोमध डफ वाजला आणि लोक गोल करून बसले, तीन-चारशे तरी असतील. मी बायकांमध्ये, पुढून दुसऱ्या रांगेत बसले होते. वासुदेवभाऊ पुरुषांच्या बाजूला.

गण झाला, दोन लावण्या झाल्या, सवाल-जवाबात लोक मनसोक्त हसले. मग डोमाजी हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून आले. हातात ओवाळणीचं ताट. त्यांच्यामागून गुलाब काठी टेकत आला आणि मध्ये मांडलेल्या पाटावर बसला.

 मागे काही लोक उठल्याचं ऐकू आलं.

डोमाजींनी गाणं म्हटलं नाही. बहिणीच्या आवाजात, रोजच्या बोलण्यासारखं बोलायला लागले. "काऊन रे दादा, वाळला किती. येवाले उशीर झाला, गाडी नाही भेटली." त्यांनी कुंकू लावलं, ओवाळलं. मग भाताचं ताट आणलं, वर लाखोळीच्या डाळीचं वरण, बाजूला वडे. एक घास गुलाबला भरवला. दुसरा त्याच ताटातला, त्याच हातानं, स्वतः खाल्ला. परत त्याला, परत स्वतःला. कोणतीही घाई नाही. चावताना त्यांचा जबडा हलत होता आणि तीनशे माणसं तो जबडा बघत होती.

अर्धं ताट झाल्यावर ते लोकांकडे वळले. "इतक्या मोठ्या गावात या मानसाले मी एकलीच बहीन हावो का? भात उरला हाये. येता का कोनी जेवाले?"

ते माझ्याकडे बघत नव्हते. कोणाकडेच बघत नव्हते.

या क्षणासाठी मी हे सगळं लिहिते आहे. एकत्र जेवून हा आजार होत नाही, हे त्या मैदानात माझ्याइतकं पक्कं फार तर वासुदेवभाऊंना माहीत असेल. मी ते वाचलं होतं, डॉक्टरांकडून ऐकलं होतं, माझ्या हातानं लिहून छापायला दिलं होतं. आणि मी उठले नाही. माझे पाय मांडी घातलेल्या जागी होते तसेच राहिले. गुलाबच्या ओठाच्या कोपऱ्यात फोड आला होता. मी तेवढंच बघत होते.

आधी उठला तो डफवाला. डफ खाली ठेवत म्हणाला, "सकाळपासून उपाशी हावो बाप्पा, सरका," आणि ताटाशी बसला. लोक हसले. मग वासुदेवभाऊ गेले. मग एक म्हातारी उठली, गुलाबची चुलती असल्याचं नंतर कळलं. तिनं आधी गुलाबच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग वडा उचलला. बस, तीन माणसं. बाकीचे बसून राहिले, माझ्यासारखे. डोमाजींनी ताट उचललं, शाहिरांनी पुढचं गाणं सुरू केलं.

ऊन उतरल्यावर मी शोधत गेले. डोमाजी झाडाखाली आरसा टेकवून तोंडाचा रंग पुसत होते. मी म्हणाले, मी उठायला पाहिजे होतं.

"हो," ते म्हणाले. कानामागचा रंग पुसत म्हणाले, "कागद घेऊन तो घरी आला न, तवा मी त्याले भेटलो, गळ्याले लागलो. लहानपनचा दोस्त हाये. अन् घरी जाऊन साबनानं हात धुतले. तीनदा."

"मग?"

"मंग काई नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो."

त्यांनी लुगड्याची घडी घातली. "धोतरात असलो का मले अजूनबी भ्या वाटते, बाई. लुगडं नेसलं का मी त्याची बहीन असतो, अन् बहिनीले कायचं भ्या? जेवताना हात बरोबर चालते. मंग घरी आल्यावर हाताले आठवन राहते, आपन जेवलो, काई झालं नाही म्हनून."

मी पाच वर्षं कला शिकले होते. कलेचा असा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुलाबच्या घरी गेले. डोमाजी नव्हते, बघायला कोणी नव्हतं. मी म्हणाले, मी जेवायला आले आहे. गुलाब म्हणाला, "कालचा भात हाये. चालते का?" त्यानं फोडणी दिली. एकाच परातीत बसलो. पहिला घास गिळायला मला वेळ लागला. त्यानं तो वेळ दाराकडे बघत रायपूरच्या रस्त्यावरच्या घाटाची गोष्ट सांगण्यात घालवला, आमची नजरानजर होऊ नये म्हणून. चौथ्या-पाचव्या घासाला भातात मीठ कमी असल्याचं लक्षात आलं. मी मीठ मागितलं.

दुपारच्या गाडीनं तुमसर, संध्याकाळी नागपूर.

होळीच्या आधी डोमाजींचं दुसरं पोस्टकार्ड आलं. गुलाब गेला होता. तलावावरची मनाई शेवटपर्यंत उठली नाही. पण बायको महिनाभर आधी परत आली होती आणि चुलती रोज डबा आणत होती. शेवटचं वाक्य होतं: "खांद्यासाठी मानसं कमी पडली नाही."

संस्थेला मी सांगितलं की पोस्टर दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. उन्हाळ्यात, नागपूरबाहेरच्या एका ट्रकतळावर, हाच आजार असलेल्या एका मित्राबरोबर मी सतरंजी टाकून बसले. समोर तीन ताटं, पोळी-भाजी. पाटीवर हिंदीत एवढंच लिहिलं होतं की आम्हा दोघांपैकी एकाला एड्स आहे, तिसरं ताट मोकळं आहे. मी गुलाबी साडी नेसून, डोळ्यांत काजळ घालून गेले होते. डोमाजींचं म्हणणं खरं आहे, हात बरोबर चालतो.

पहिले दोन दिवस लोक उभं राहून बघत आणि निघून जात. एकानं शिवी दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी एक उतारवयाचा ड्रायव्हर आला, पाटी दोनदा वाचली, चपला काढल्या आणि तिसऱ्या ताटावर बसला. तो काय विचारणार, याची मी वाट बघत होते. उत्तर तयार होतं.

त्यानं पोळी मोडली, भाजी चाखली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "प्याज है क्या?"