पाकिटातले सत्तावीस

विश्व जन्मल्यावर पहिल्या काही मिनिटांत जी हलकी मूलद्रव्यं शिजली, त्यांत जड हायड्रोजन किती उरला असेल, हे गणिताने सांगणं हा थोरलीचा अकरा वर्षांचा उद्योग. नवी मापं आली की उत्तर जरासं सरकायचं. या खेपेला आलं, हायड्रोजनच्या दहा लाख अणूंमागे पंचवीस. अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

तोच जड हायड्रोजन अवकाशातल्या दूरच्या वायुढगांतून येणाऱ्या प्रकाशात प्रत्यक्ष मोजायचं काम तिच्या धाकट्या जावेकडे. विभाग एक, घरही एक. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, धाकटी तारे बघते, थोरली बेरजा करते. थोरली हसायची आणि कप जरा आपटूनच ठेवायची. शब्द कशाला फिरवायचे? जळायची ती. धाकटीच्या प्रवासांवर, पेपरातल्या फोटोवर, गाढ झोपेवरसुद्धा.

विभागप्रमुखांनी दोघींचे आकडे बंद पाकिटांत मागवले. सोमवारी सगळ्यांसमोर उघडायचे. रविवारी सकाळी धाकटी जेवणाच्या टेबलावर वही टाकून आंघोळीला गेली, आणि थोरलीने पान उलटलं. सत्तावीस.

म्हणजे चारचौघांत आपली फजिती आणि हिचा जयजयकार! तिच्या गणितात एका अणुक्रियेच्या वेगाची दोन मापं चालण्यासारखी होती. पहिलं जास्त नेमकं, म्हणून ती कायम तेच घ्यायची. त्या सकाळी तिने दुसरं घेतलं आणि पाकिटात सत्तावीस घातले.

सोमवारी दोन्ही पाकिटांतून सत्तावीसच निघाले. टाळ्या पडल्या. प्रमुखांनी हात वर केला. मोजणाऱ्याचं मन नकळत हव्या त्या उत्तराकडे झुकतं, म्हणून दुर्बिणीच्या आकड्यांत ते आधीच एक खोटी भर घालून ठेवतात, असं ते म्हणाले. भर आहे हे धाकटीला माहीत होतं, किती ते नाही. थोरलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“भर दोनची,” प्रमुख म्हणाले. “खरं माप पंचवीस.”

थोडक्यात हुकलं, म्हणून लोक थोरलीची समजूत घालून गेले. जिन्यात धाकटीने तिला गाठलं.

“ताई, तुमचं आधीचं उत्तर काय होतं?”

थोरली कठड्याकडे बघत म्हणाली, “पंचवीस.”

 धाकटी हळूच म्हणाली, “वही मी टेबलावर ठेवायला नको होती.”

आणि पायऱ्या उतरताना थोरलीला वाटलं, हा समजूतदारपणासुद्धा हिच्याच वाट्याला यावा!